आखातात उतरलेला वैमानिक

नगरच्या पोराला समुद्र उशिरा भेटतो, रणगाडा मात्र रोज. आमचे गाव रणगाडा दलाचे. १९७१ साली मी चार वर्षांचा होतो. आठवते ते एवढेच, की अब्बांनी खिडकीच्या काचांना काळा कागद डकवला होता आणि अम्मी कंदिलाची वात खाली ओढायची. पुढे आम्ही पोरे लढाई-लढाई खेळायचो. त्या खेळात मला न विचारताच पाकिस्तानी केले जाई. माझे काम म्हणजे शेवटी मरून पडणे. त्यात कुणाचा आकस नव्हता, पण तसे पडून राहताना मातीचा जो वास येई तो अजून नाकात आहे.

म्हणून आज एका खऱ्याखुऱ्या पाकिस्तानी वैमानिकाची हकिकत सांगावीशी वाटते.

त्या डिसेंबरात अरबी समुद्र चार दिवसांत बरेच काही गिळून बसला. ९ तारखेच्या रात्री दीवजवळ 'हँगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जॅकेट दुसऱ्याला दिले आणि ते जहाजावरच राहिले. वाचलेल्या ६७ जणांना दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढले. त्याच दिवशी, १० तारखेला, आपल्या नौदलाचे एक 'अलिझे' विमान पाकिस्तानी स्टारफायटरने समुद्रात पाडले. आतले तिघेही परतले नाहीत.

स्टारफायटर, म्हणजे अमेरिकन एफ-१०४. लांबट नाक, आखूड पंख, वेग आवाजाच्या दुप्पट. त्या काळी त्याचा मोठा दरारा होता. आपल्याकडे रशियन बनावटीचे मिग-२१ होते. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, ओझरला, त्याचा कारखाना उभा राहिला होता, हे नगरकरांना सांगायला नको.

१२ डिसेंबरला स्टारफायटर जामनगरच्या विमानतळावर चालून आले. त्यातल्या एकात होता विंग कमांडर मर्विन मिडलकोट. नावावरून लक्षात येईल, हा ख्रिस्ती होता. १९६५ च्या लढाईतही तो लढला होता आणि 'सितारा-ए-जुर्रत' हा मानाचा किताब त्याला मिळाला होता. (माझ्या लहानपणच्या सवंगड्यांना हे कळले असते, तर त्या खेळात कुणाला पाकिस्तानी केले असते कोण जाणे.) फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांचे मिग त्याच्या मागे लागले. कच्छच्या आखातावर, पाण्यालगत पाठलाग झाला आणि सोनींनी तोफेने स्टारफायटर पाडले. मिग-२१ ने एफ-१०४ ला समोरासमोरच्या झुंजीत पाडल्याची ही पहिलीच घटना. सोनींना वीरचक्र मिळाले.

हवाई युद्धाच्या पुस्तकांत गोष्ट बहुधा इथेच संपते. कोणते विमान सरस, यावर पाने भरतात. मी कवी माणूस, मला पुढचा भाग मोठा वाटतो.

मिडलकोट विमानातून बाहेर फेकला गेला आणि खाली समुद्रात उतरला. सोनींनी ते वरून पाहिले. ते पाणी शार्क माशांचे. क्षणापूर्वी ज्याला पाडण्यासाठी जिवाची बाजी लावली, त्याच्यासाठी सोनींनी रेडिओवरून सुटकेची मदत मागितली. तीन दिवसांपूर्वी त्याच समुद्रात आपली एवढी माणसे गेली होती, त्यांच्या घरांवर सुतक होते. तरीही मदत मागितली गेली. शोध झाला, पण मिडलकोट सापडला नाही. वय अवघे एकतीस.

त्याच युद्धात आपला एक वैमानिक पलीकडे राहिला. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. पती जिवंत आहे की नाही याचे उत्तर मागत या बाईंनी दशकानुदशके सरकारी दारे ठोठावली. देहाविना घरी येणारी बातमी काय असते, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? मिडलकोटच्या घरीही तीच तर गेली होती.

काही वर्षांपूर्वी मी दीवला गेलो. टेकडीवर काचेच्या पेटीत 'खुकरी'ची प्रतिकृती ठेवली आहे. मी फातेहा म्हटला. खुकरीच्या माणसांसाठी म्हटला, अलिझेतल्या तिघांसाठी म्हटला. मग जरा थांबलो, इकडेतिकडे पाहिले, आणि त्या चौथ्यासाठीही म्हटला. शेजारी एक आजोबा नातवाला जहाजाच्या तोफा दाखवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि स्वतःहून हात जोडले.