पांढरी माशी : कीटकनाशकांना वाढता प्रतिकार
बेंगळुरूच्या चामराजपेटलगत असलेल्या कृष्णराजेंद्र बाजारात कोलारचा टोमॅटो येतो. त्याच कोलार परिसरात १९९९ मध्ये पांढऱ्या माशीचा 'बी' हा परदेशी प्रकार भारतात प्रथम आढळला. टोमॅटोची पाने आकसवणाऱ्या विषाणूचा प्रसार ही कीड करते. उष्ण हवेत तिची पिढी सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होते. एकच कीटकनाशक वारंवार फवारल्यास संवेदनशील माश्या मरतात. इमिडाक्लोप्रिडसारखे विष शरीरातील विकरांच्या साहाय्याने निष्प्रभ करणाऱ्या उरतात आणि त्यांचीच संतती शेत व्यापते. अशा वेळी केवळ व्यापारी नाव बदलणे व्यर्थ होय. औषधाचा क्रियागटच बदलावा लागतो. दुकानदार हे क्वचितच सांगतो. रोपवाटिकेवर बारीक जाळी लावल्यास पहिली फवारणीही लांबणीवर टाकता येते.