लग्न खरे की खोटे? व्हिसाच्या खिडकीमागचा इतिहास

शिरूर अनंतपाळ हा लातूर जिल्ह्यातला लहानसा तालुका. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राजवटीत होता. इथली आपली माणसे पोटासाठी पुणे, मुंबई, हैदराबादला गेली. त्यांची शिकलेली मुले-मुली आता त्याच्याही पुढे निघाली आहेत, आणि लग्नाच्या नात्याने अमेरिकेला जाण्याची वेळ आपल्या घरांतही येऊ लागली आहे. मग लातूरहून रात्रीची रेल्वे धरायची, मुंबईत उतरायचे आणि फाईल छातीशी धरून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत उभे राहायचे. तुम्ही कुठे भेटलात, लग्नाला कोण कोण होते, सासूचे नाव काय, असे प्रश्न विचारून खिडकीपलीकडचा अधिकारी काही मिनिटांत ठरवतो की हे लग्न खरे आहे की व्हिसासाठी केलेले.

एजंट सांगतात, कागद नीट लावा, बाकी काही नाही. कागद लावावेतच. पण खरे लग्न कशाला म्हणायचे आणि ते कोण ठरवणार, हा प्रश्न आंबेडकरी माणसाने एजंटावर सोडून चालणार नाही. त्या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात जात अगदी सुरुवातीपासून आहे.

१९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यू यॉर्कला उतरले तेव्हा आजच्यासारखी व्हिसा मुलाखत नव्हती. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात त्यांनी जातीवरचा आपला निबंध वाचला. जातीचे मूळ त्यांनी स्वजातीय विवाहात दाखवले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणूनच कशा उभ्या राहिल्या, हेही मांडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भाग बंद केला. विद्यार्थ्यांना त्यातून सूट होती, मजुरांना नव्हती.

आणि आता तो खटला, जो आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात शिकवला गेला पाहिजे. भगतसिंग थिंद हे पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्व फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळू शकत होते. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? आम्ही उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे, म्हणून गोरेच. (शीख धर्मात जात मानत नाहीत म्हणतात, कोर्टात मात्र ती कामाला आली.) पुरावा म्हणून लग्नाचाच दाखला दिला गेला: अमेरिकन गोरा माणूस लग्नाच्या बाबतीत निग्रोकडे जसा पाहतो, तसाच उच्चजातीय हिंदू इथल्या आदिम रहिवाशांकडे पाहतो. आम्हीही तुमच्यासारखाच भेद पाळतो, म्हणून आम्हाला आत घ्या! बाबासाहेबांनी ज्या गोष्टीत रोग दाखवला, तीच गोष्ट सात वर्षांनी त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात लायकीचे प्रमाणपत्र म्हणून मांडली गेली. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. न्याय म्हणून नव्हे. सामान्य गोऱ्या माणसाच्या नजरेत तुम्ही गोरे नाही, एवढेच सांगून.

याचा घाव संसारांवर बसला. १९२२ च्या कायद्याप्रमाणे, नागरिकत्वाला अपात्र असलेल्या पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचेच नागरिकत्व गमावत होती. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी दास जन्माने अमेरिकन. नवरा हिंदुस्थानी म्हणून त्यांचेही नागरिकत्व गेले. कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांना गावाकडून बायको आणता येत नव्हती आणि गोऱ्या स्त्रीशी लग्न करायला राज्याचा कायदा आड येत होता. त्यातल्या अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. १९२४ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली. स्थलांतर करणाऱ्याने बोटीत बसण्याआधीच परदेशातल्या अमेरिकन वकिलातीतून व्हिसा घेतला पाहिजे, असे ठरले. आजची खिडकी तिथून सुरू होते.

ही खिडकी आपल्यासाठी उघडली कोणी? १९४६ मध्ये हिंदुस्थानाला वर्षाला जेमतेम शंभर जागा मिळाल्या. खरा बदल झाला ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने. त्याने वंशावर आणि देशावर आधारलेली कोटा पद्धत मोडली आणि कुटुंब एकत्र आणण्याला प्राधान्य दिले. हा कायदा आकाशातून पडला नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा ज्या काळ्या जनतेने रस्त्यावर रक्त सांडून मिळवला, त्याच लढ्याच्या रेट्यातून हा दरवाजा उघडला. मात्र त्यातून पहिल्यांदा आत गेले ते इथले डॉक्टर आणि इंजिनिअर, म्हणजे बहुतांशी सवर्ण. त्यांनी पुढे पत्नी आणली, भाऊ आणला, भावाला जातीतलीच बायको आणली. कुटुंबाच्या व्हिसावर जातही समुद्रापार गेली. सिॲटल शहराला २०२३ मध्ये जातिभेदबंदीचा कायदा का करावा लागला, याचे एक उत्तर इथे आहे.

खोटी लग्ने होतात, हे आम्ही नाकारत नाही. परदेशातल्या नवऱ्याने फसवून सोडलेल्या मुलीही आपण पाहतो. चौकशी व्हावी. पण तिची फूटपट्टी बघा. ब्रिटनने १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर, लग्नासाठी आलेल्या भारतीय स्त्रीची कौमार्य तपासणी केली होती. तेही लग्नाचा खरेपणा तपासण्याच्याच नावाखाली. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याने, लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर जोडीदाराला सशर्त ग्रीनकार्ड मिळते आणि ती अट काढायला दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. म्हणजे दोन वर्षे दोरी नवऱ्याच्या हातात. मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी सवलत नंतर आली.

अमेरिकन इमिग्रेशन अधिकाऱ्यांच्या जुन्या मार्गदर्शिकेत संशयाच्या खुणांची यादी होती: वयातले मोठे अंतर, सांस्कृतिक पार्श्वभूमीतला मोठा फरक, आणि घरच्यांना व मित्रांना लग्नाची माहिती नसणे. आता ही शेवटची खूण आपल्या आंतरजातीय जोडप्याला लावून पाहा. मुलीच्या घरच्यांपासून जीव वाचवून केलेले लग्न. ना वऱ्हाड, ना मंडप, ना आईबापांसोबतचा फोटो. जातीने ज्या लग्नावर बंदी घातली, त्याच लग्नाकडे जातीचे साक्षीदार मागायचे! उलट पाचशे माणसांचे, पत्रिका जुळवून, जातीतच लावलेले लग्न अल्बममध्ये झळाळते आणि खरे ठरते. आणि फक्त परक्यांना दोष कशाला? महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये जी समन्वय समिती काढली, तिच्या पहिल्या आदेशात आंतरधर्मीयांबरोबर आंतरजातीय विवाहही होते. टीका झाल्यावर आंतरजातीय वगळले. एका हाताने आंतरजातीय जोडप्याला पन्नास हजारांचे अनुदान, दुसऱ्या हाताने पाळत.

आपल्या बौद्ध विवाहाचेही तेच. पांढरी वस्त्रे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, त्रिशरण-पंचशील, अर्ध्या तासात मंगल परिणय. सप्तपदी नाही, होम नाही. कायद्याने आपण अजून हिंदू विवाह कायद्याखालीच आहोत. म्हणून स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे. तमिळनाडूत पेरियारांच्या चळवळीतल्या स्वाभिमान विवाहांना कायद्याच्या कक्षेत यायला १९६७ चे अण्णादुराई सरकार यावे लागले. पुरोहिताशिवायचे लग्न 'खरे' ठरवून घ्यायला आपल्याला आपल्याच देशात भांडावे लागले आहे.

वकिलातीने नकार दिला तर? २०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सँड्रा मुन्योझ या नागरिक स्त्रीच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला: परदेशी नवऱ्याला देशात आणण्याचा मूलभूत घटनात्मक हक्क नागरिकाला नाही. म्हणजे त्या खिडकीवरचा शब्द जवळजवळ शेवटचा.

म्हणून मित्रांनो, विहारात लग्न लागले की त्याच आठवड्यात नोंदणी करा. गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपंचायत किंवा नगरपालिका. १९९८ च्या राज्य कायद्याने विवाह निबंधकाकडे नोंद होते. टी.सी.वरचे, आधारवरचे आणि पासपोर्टवरचे नाव एकच आहे का ते आधी पाहा. घरच्यांनी तोडले असेल तर ते लपवू नका. मुलाखतीत तसेच सांगा, आणि भाडेकरार, बँक खाते, प्रवासाची तिकिटे, फोनचे संदेश, लग्नाला उभ्या राहिलेल्या मित्रांची प्रतिज्ञापत्रे सोबत ठेवा. भन्तेजींच्या किंवा बौद्धाचार्यांच्या सहीचे प्रमाणपत्र असेल तर तेही वरच ठेवा, फाईलच्या तळाशी नको.

जय भीम.