बलुत्याच्या तीन कासा : गावगाड्यातील परस्परावलंबन आणि वर्गीकरणाचा प्रश्न

अनेक घटक परस्परांवर अवलंबून असलेल्या व्यवस्थेचे चित्र रेखाटावयाचे झाले की, पहिली अडचण येते ती रेषांच्या गर्दीची. आजच्या संगणकव्यवस्थांचे नकाशे करणारे तज्ज्ञ ह्या अडचणीवर एक उपाय योजतात. सारखेच काम करणारी वीस यंत्रे ते एकाच चौकटीत घालतात आणि वीस रेषांऐवजी एक रेषा काढतात. उपाय उपयुक्त खरा. तथापि ही यंत्रे कोणत्या बाबतीत सारखी आहेत, हा प्रश्न त्यापूर्वी सोडवावा लागतो. महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेला हा प्रश्न फार पूर्वीच पडला होता. तिने दिलेल्या उत्तराचे गुणदोष बलुतेपद्धतीच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

समजा, एखाद्या गावात साठ शेतकरी कुटुंबे आणि बारा बलुतेदार आहेत. प्रत्येक कुटुंबाचा प्रत्येक बलुतेदाराशी असलेला संबंध वेगळा मांडू गेल्यास सातशेवीस संबंध होतील. परंतु बलुतेदार हा एकेका कुटुंबाचा नव्हे, तर समग्र गावाचा सेवक मानला की, साठ कुटुंबे गावाशी आणि बारा बलुतेदार गावाशी, असे केवळ बहात्तर संबंध उरतात. ही केवळ मांडणीची सोय नव्हे. उत्तर हिंदुस्थानातील एका खेड्याच्या अभ्यासावरून विल्यम वायझर यांनी १९३६ मध्ये जजमानी पद्धतीचे जे वर्णन केले, त्यात सेवेचे नाते कुटुंबाकुटुंबांमध्ये असते. उलट अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांचा अभ्यास करून हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ मध्ये असे प्रतिपादन केले की, येथील बलुतेदार प्राधान्याने गावाने नेमलेले आणि गावाला बांधलेले होते. म्हणजे ‘गाव’ हा मधला दुवा अभ्यासकाने कल्पिलेला नसून व्यवहारातलाच होता.

ह्याच्याही पुढची पायरी भाषेत नोंदली गेली आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत बारा बलुतेदारांची विभागणी तीन कासांत, म्हणजे तीन ओळींत, केलेली आढळते. सुतार, लोहार, महार व मांग ही थोरली कास. कुंभार, चांभार, परीट व न्हावी ही मधली. भट, मुलाणा, गुरव व कोळी ही धाकटी. थोरल्या कासेस प्रत्येकी चार पाचुंदे, मधलीस तीन आणि धाकटीस दोन, असा धान्याच्या पेंढ्यांचा हक्क सांगितला आहे. बारा नावे पाठ करण्याऐवजी तीन प्रमाणे लक्षात ठेवली की, खळ्यावरची वाटणी बहुतांशी उलगडते.

बारा हा आकडाही असाच सोयीचा होता. कोणती जात बाराांत धरावयाची ह्याबाबत प्रांतोप्रांती भेद होता. आकडा मात्र सहसा ढळत नसे. अलुतेदारही कोशात बाराच सांगितले आहेत. मराठी व कानडी ह्या दोन भाषा जेथे एकमेकींत मिसळतात त्या गडहिंग्लजच्या परिसराचा विचार करताना हेही लक्षात घेतले पाहिजे की, कर्नाटकातील ‘आयगार’ ह्या ग्रामसेवकांची संख्याही परंपरेने बाराच सांगितली जाते. भाषा बदलली तरी गटाची चौकट टिकून राहिली.

आता ह्या वर्गीकरणातील वैगुण्याकडे वळले पाहिजे. थोरल्या कासेत एक अपवाद कोशकाराने नोंदला आहे : महारांचा हक्क चार नव्हे, तर आठ पाचुंद्यांचा. गट समान हक्काचा म्हणावा, तर त्यातील एक घटक दुप्पट हक्काचा निघतो. ह्याचे कारण हक्काच्या यादीत सापडत नाही. ते कामात शोधावे लागते. सुताराचे काम नांगर-कुळवापुरते आणि कुंभाराचे मडक्यांपुरते मर्यादित होते. महारांकडे मात्र शिवेची राखण, निरोप व सरकारी टपाल पोचविणे, वसुलाबरोबर जाणे, मेलेली जनावरे ओढणे, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई करणे अशी कामे होती आणि त्यांना ना वेळेची सीमा होती, ना संख्येची. कासांची विभागणी मोबदल्याच्या साम्यावर झाली होती. कर्तव्याच्या विषमतेविषयी ती मूक होती. एका ओळीत बसविल्यामुळे अमर्याद सेवा ही मर्यादित सेवेसारखीच भासू लागली.

ह्या मौनाची किंमत मोठी होती. वतन सामाईक असल्यामुळे जमिनीचा तुकडा अनेकांत विभागला जाई. सेवेचा भार मात्र सगळ्या समाजावर राही. १८७४ च्या मुंबई वतन कायद्यानेही वंशपरंपरागत सेवेची ही चौकट कायम ठेवली. करवीर संस्थानात, ज्यात गडहिंग्लजचा मुलूख होता, राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या. त्याच सुमारास कुलकर्णी वतनाच्या जागी पगारी तलाठी आले. वर्गीकरणाच्या दृष्टीने ह्या सुधारणेचा अर्थ असा की, गटाची चौकट उघडून तिच्यातील माणूस स्वतंत्र खातेदार म्हणून नोंदला गेला. ब्रिटिश मुलखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्याचा रोखही कर्तव्ये निश्चित करण्याकडे आणि मोबदल्याची शाश्वती देण्याकडे होता. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने नष्ट करण्यास मुंबई राज्यात १९५८ साल उजाडावे लागले.

ह्यावरून वर्गीकरणच टाकून द्यावे असा निष्कर्ष निघत नाही. सातशेवीस रेषांचे चित्र कोणालाच वाचता आले नसते आणि तीन कासांवाचून खळ्यावरची वाटणीही सुकर झाली नसती. निष्कर्ष निघतो तो एवढाच की, गट ज्या साम्यावर बांधला त्याच साम्याविषयीच्या प्रश्नांना तो उत्तर देतो. धान्य किती द्यावयाचे, ह्याचे उत्तर कासांपाशी होते. कोणावर किती भार आहे, ह्याचे नव्हते. म्हणून दप्तरातील ‘बारा बलुतेदार’ ही दोन पदे वाचताना, ही बेरीज हक्काची की श्रमाची, हे अभ्यासकाने आधी ठरविले पाहिजे. आणि गटात न बसणारा आठ पाचुंद्यांसारखा आकडा दिसला, तर तो लेखनप्रमाद न समजता तेथूनच शोधास आरंभ केला पाहिजे.