सायकलस्वारी आणि मद्यपान : काळाची मीमांसा

सायकल चालवताना वा चालवून झाल्यावर मद्य घ्यावे काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा परिमाणाभोवती फिरते. किती घेतले तर चालेल, एवढेच विचारले जाते. प्रस्तुत विवेचनात काळाचा विचार प्रथम केला आहे, कारण कोणता काळ स्वारीत मोडतो हे ठरल्यावाचून परिमाणाला अर्थ येत नाही. विवेचनाचे क्षेत्र विजयदुर्गापासून रेडीपर्यंतची सिंधुदुर्गाची किनारपट्टी हे आहे.

प्रथम संज्ञा. ज्या पेयात इथेनॉल आहे ते मद्य. माडीही त्यात आली. सायकल बाहेर काढल्यापासून ती त्या दिवसापुरती मुक्कामी ठेवीपर्यंतचा सर्व काळ म्हणजे स्वारी. वाटेतील जेवण, विश्रांती व समुद्रस्नान हे तिचेच भाग. यावरून तीन अवस्था सिद्ध होतात : स्वारीपूर्व, स्वारीमध्य आणि स्वारीपश्चात.

आता मात्रा. ६५० मिलिलिटरच्या ५ टक्के बिअरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम इथेनॉल असते, ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलिलिटर पेगात सुमारे २० ग्रॅम. माडीचे गणित मात्र मांडता येत नाही. माडाचा रस मडक्यात उतरतानाच किण्वित होऊ लागतो. मडक्याला आतून चुना लावला तर तो नीरा राहतो, एरवी सकाळची सौम्य माडी संध्याकाळपर्यंत कडक होते. एकाच झाडाच्या, एकाच दिवशीच्या दोन पेल्यांत मद्यांश भिन्न असतो. ‘माडी म्हणजे काय, झाडाचे पाणी’ असे म्हणणारा स्वार म्हणून सर्वांत अनिश्चित मात्रा घेत असतो.

मात्रा व वजन यांवरून रक्तातील मद्य काढण्याच्या विडमार्कच्या सूत्राने ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात बिअरच्या एका बाटलीने दर १०० मिलिलिटरला सुमारे ५५ मिलिग्रॅम मद्य येते. स्त्रीच्या शरीरात जलांश कमी असल्याने त्याच मात्रेने अधिक. यकृत हे मद्य ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने उतरवते. घाम गाळून, चहा पिऊन किंवा डोक्यावर पाणी ओतून ही गती वाढत नाही. अर्थात एक बाटली पूर्ण उतरायला साडेतीन ते चार तास लागतात. ही मूल्ये सरासरी आहेत. व्यक्तीनुसार ती बदलतात, परंतु पुढील अनुमानाला तेवढी पुरेशी आहेत.

स्वारीमध्य मद्यपानाचे दोष तीन. पहिला तोलाचा. दुचाकी स्थिर नसते. हँडलच्या सूक्ष्म दुरुस्त्यांनी ती क्षणोक्षणी उभी ठेवावी लागते. हे कार्य मेंदूतील अनुमस्तिष्काचे, आणि मद्याचा आघात त्याच्यावर लवकर होतो. किनाऱ्याचा रस्ता सड्यावरून, म्हणजे पठारावरून, खाडीकडे उतरतो व पुन्हा सड्यावर चढतो. आचरा, कालावली, कर्ली या प्रत्येक खाडीपाशी हाच क्रम. उतारावर, वळणावर, समोरून एसटी येत असता विलंबाला वाव नसतो. दुसरा दोष उष्णतेचा. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून शरीर निवत नाही. त्यात मद्य मूत्ररोधक संप्रेरकाला दाबते आणि उरलेले पाणीही बाहेर घालवते. तिसरा दोष शर्करेचा. दीर्घ श्रमाने यकृतातील ग्लायकोजेन घटलेले असता मद्य नव्या शर्करेची निर्मिती अडवते. भोवळ व गोंधळ ही त्याची लक्षणे नशेसारखीच दिसतात, म्हणून सोबत्यांच्या ध्यानात येत नाहीत. मधुमेहावर इन्सुलिन घेणाऱ्याला हा धोका अधिक.

टूर द फ्रान्स शर्यतीच्या आरंभीच्या दशकांत वाटेत वाइन व बिअर पिणे रूढ होते. १३ जुलै १९६७ रोजी ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून मृत्यू पावला. त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामिन व मद्य दोन्ही आढळले. उत्तेजकाचा वाटा तेथे मोठा होता, तरी उष्णता, श्रम व मद्य यांच्या संयोगाचे ते उदाहरण आहेच.

येथे पिणाऱ्याकडून कायद्याचा आधार घेतला जातो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ मधील दर १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा मोटार वाहनाला लागू आहे, सायकलीला नाही. परंतु बेदरकार वाहन चालवण्याविषयीचे भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ कोणत्याही वाहनाला लागू होते. जपानने १ नोव्हेंबर २०२४ पासून मद्यांश बाळगून सायकल चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. तेथील मर्यादा आपल्या मोटारचालकाच्या मर्यादेएवढीच भरते. जर्मनीत सायकलस्वारासाठी निरपवाद मर्यादा सुमारे १६० मिलिग्रॅम आहे. मर्यादा देशागणिक बदलते, अनुमस्तिष्क बदलत नाही.

आता मुख्य मुद्दा. वेंगुर्ल्याहून सकाळी निघून मालवणला पोहोचलेला स्वार दुपारी माशांच्या थाळीबरोबर एक बाटली घेतो व तीन वाजता परत निघतो. तो स्वतः यास ‘राइडनंतरची बिअर’ म्हणतो. वरील व्याख्येनुसार ती स्वारीमध्य आहे आणि तिन्ही दोष तिला लागतात. मालवणात संध्याकाळी पिऊन तारकर्लीच्या मुक्कामी सहा-सात किलोमीटर जाणाराही त्याच वर्गातला. अंतर थोडे म्हणून अवस्था बदलत नाही. उलट तेव्हा अंधार पडलेला असतो.

याहून दुर्लक्षित प्रकार रात्रीचा. रात्री नऊला आरंभ करून चार पेग घेतले, तर रक्तातील मद्य एकूण सुमारे १८० मिलिग्रॅमच्या हिशेबाने भरते. पहाटे पाचपर्यंत आठ तासांत १२० उतरतात, ६० उरतात. ऊन टाळण्यासाठी पहाटे निघणारा हा शहाणा स्वार मोटारचालकाच्या मर्यादेच्या दुप्पट मद्यांश घेऊन आंबोली घाटाकडे जात असतो. कालच्या स्वारीपश्चात झालेले पान आजच्या स्वारीपूर्व ठरते.

उरते ते खरे स्वारीपश्चात पान. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पानात्ययाच्या, म्हणजे मद्यपानजन्य विकारांच्या, प्रकरणी तहानलेला, भुकेला आणि व्यायाम, भार व प्रवास यांनी क्षीण झालेला, अशा अवस्थांत घेतलेले मद्य विकारकारक म्हटले आहे. सायकल उभी करणारा माणूस एकाच वेळी या तिन्ही वर्णनांत बसतो. आधुनिक प्रयोगही याला जुळतात. शिरेफ्स व मॉन यांच्या १९९७ च्या प्रयोगात २ टक्क्यांपर्यंतच्या पेयाने जलपूर्तीत लक्षणीय फरक पडला नाही, ४ टक्क्यांनी ती लांबली. २०१४ मधील एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात व्यायामानंतर मोठ्या मात्रेत मद्य घेतल्याने प्रथिने घेऊनही स्नायूंतील प्रथिननिर्मिती २४ टक्क्यांनी घटली.

तेव्हा निर्णय असा. स्वारीमध्य मद्य वर्ज्य, एक पेलाही. स्वारीपश्चात ते आवश्यक नाही, हितकर तर नाहीच. घेणाऱ्याने आधी मीठ घातलेले कोकम सरबत वा शहाळे आणि पोटभर भात घ्यावा, लघवी फिकट होईपर्यंत थांबावे, एका बाटलीवर जाऊ नये, आणि पुढच्या स्वारीची वेळ मोजून मगच ती उघडावी. ज्याला पहाटे पाचला निघायचे आहे, त्याने आदल्या रात्री चार पेग घेऊ नयेत.