छत्रपती संभाजीनगरला शिफ्ट होताय? भाड्याआधी विचारा, पाणी कितव्या दिवशी येतं

नोकरी लागली, बदली झाली किंवा मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो घराचा. भाडं किती आणि ऑफिस किती लांब, एवढं बघून बहुतेक लोक घर ठरवतात. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचं औरंगाबाद) मात्र यात तिसरी गोष्ट येते आणि बऱ्याचदा तीच महिन्याचा हिशोब बिघडवते. ती म्हणजे पाणी.

२०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. मराठवाड्यातलं हे सगळ्यात मोठं शहर. एमआयडीसी, विद्यापीठ, हायकोर्टाचं खंडपीठ, घाटी रुग्णालय यांच्यामुळे बीड, जालना, परभणीपासून ते पुण्यापर्यंतचे लोक इथे राहायला येतात. पण शहर नवीन असलं की कोणता भाग आपल्यासाठी बरा, हे कळत नाही. म्हणूनच ही सविस्तर माहिती.

आधी नकाशा समजून घ्या

शहराचा कणा म्हणजे जालना रोड. बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको बसस्थानक, मुकुंदवाडी, चिकलठाणा, केंब्रिज चौक. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना ही नावं याच क्रमाने लागतात. एवढी पाठ झाली तरी निम्मं शहर समजतं.

दुसरी महत्त्वाची रेघ म्हणजे रेल्वे रूळ. गारखेडा, उल्कानगरी, शिवाजीनगर हे भाग रुळाच्या उत्तरेला, तर बीड बायपास, सातारा, देवळाई हे दक्षिणेला. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारं अंतर रूळ कुठून ओलांडायचा यावर अवलंबून असतं. त्यामुळे दक्षिणेकडचं घर बघताना ऑफिसच्या वेळेला एकदा स्वतः गाडी घेऊन जाऊन बघा.

काम कोणत्या टोकाला आहे?

शहराच्या एमआयडीसी एका जागी नाहीत. चिकलठाणा आणि शेंद्रा पूर्वेला जालना रोडवर आहेत. वाळूज पश्चिमेला, नगर-पुणे रस्त्यावर. बिडकीन दक्षिणेला, पैठण रोडवर. शेंद्रा आणि बिडकीनमध्ये 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी उभी राहतेय.

त्यामुळे वाळूजच्या कंपनीत नोकरी आणि सिडकोत घर असेल, तर रोज शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पंधरा-वीस किलोमीटर जायचं. त्यात छावणी, नगर नाक्याकडची गर्दी. उलट शेंद्र्यात नोकरी असणाऱ्याने बजाजनगरात स्वस्त खोली मिळाली म्हणून घेतली, तर वाचलेलं भाडं पेट्रोलमध्ये जातं.

मोठ्या कंपन्यांच्या बस शहरातून फिरतात. जॉइन होण्याआधी एचआरकडून बसचा मार्ग मागून घ्या आणि थांब्यापासून चालत जाता येईल असं घर शोधा. शहरात २०१९ पासून 'माझी स्मार्ट बस'ही धावते. पण तिच्या भरवशावर घर घेणार असाल, तर आपल्या मार्गावर सकाळी आणि रात्री किती फेऱ्या आहेत ते आधी बघा.

धरण भरलेलं, मग नळ कोरडा का?

शहराला पाणी येतं ते पैठणच्या जायकवाडी धरणातून. पैठण इथून रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. शहर धरणापेक्षा उंचावर आहे, त्यामुळे पाणी पंपाने चढवून आणावं लागतं. अनेक वर्षं शहराची तहान प्रामुख्याने दोन जुन्या जलवाहिन्यांवर भागत आली. एक ७०० मिलिमीटर व्यासाची, दुसरी १४०० मिलिमीटरची. दरम्यान शहर चारी बाजूंनी वाढलं. धरण काठोकाठ भरलं, तरी वाहिनीतून मावेल तेवढंच पाणी शहरात येणार.

म्हणून इथे नळाला रोज पाणी येत नाही. कुठे काही दिवसांआड, कुठे आठवड्याने, असं रोटेशन वर्षानुवर्षं चाललं. पंपहाऊसची वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली, की सगळ्या भागांचं वेळापत्रक पुढे सरकतं.

यावर उपाय म्हणून १६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. तिची मुख्य जलवाहिनी २५०० मिलिमीटर व्यासाची आहे. पण वाढीव पाणी शहराच्या वेशीवर येणं आणि ते आपल्या गल्लीत पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी भागातला जलकुंभ आणि अंतर्गत वाहिनीही तयार लागते. 'आता नवीन योजना येतेय ना' हे उत्तर मिळालं, तर 'या गल्लीत नवी लाईन जोडली का?' असा पुढचा प्रश्न विचारा.

'२४ तास पाणी' म्हणजे नेमकं काय?

भाड्याच्या जाहिरातीत हे वाक्य हमखास असतं आणि ते बहुतेकदा खोटंही नसतं. गच्चीवरच्या टाकीत २४ तास पाणी असतं, एवढाच त्याचा अर्थ. ते नळाचं, बोअरचं की टँकरचं, हे त्यात लिहिलेलं नसतं. टँकरचं असेल, तर त्याचे पैसे मेंटेनन्समधून तुम्हीच देणार.

हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे हौद मोजणं. शहरी भागात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरतात. चार जणांच्या घराला रोज ५४० लिटर. नळ सहाव्या दिवशी येत असेल, तर साठवण हवी ३,२४० लिटरची.

आता समजा, १२ फ्लॅटच्या इमारतीचा हौद १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि ६ फूट खोल आहे. तो काठोकाठ भरला तर साधारण १३,६०० लिटर पाणी मावतं. म्हणजे फ्लॅटमागे ११३० लिटरच्या आसपास. चार जणांचं घर पाणी जपून न वापरता त्यात जेमतेम दोन दिवस काढेल. उरलेले चार दिवस बोअर किंवा टँकर. महापालिकेचं कनेक्शन असूनही टँकर का लागतो, त्याचं उत्तर या गणितात आहे.

कोणता भाग कुणासाठी?

सिडको-हडको: एन-१ पासून सुरू होणारे हे सेक्टर आखून वसवलेले आहेत. शाळा, मैदानं, बाजार जवळ. चिकलठाणा, शेंद्रा किंवा हायकोर्टात काम असेल तर सोयीचं. घरं जुनी आणि अनेक ठिकाणी लहान, पण बऱ्याच रो-हाऊसना स्वतःचा हौद असतो.

समर्थनगर, निराला बाजार, उस्मानपुरा: शहराच्या मध्यात. क्लासेस, दवाखाने, बाजार पायी अंतरावर. पार्किंगची अडचण धरून चाला.

गारखेडा, उल्कानगरी, शिवाजीनगर: नोकरदार कुटुंबांची वस्ती. जालना रोड जवळ आणि रूळ ओलांडायची गरज कमी.

बीड बायपास, सातारा, देवळाई: त्याच भाड्यात मोठा आणि नवा फ्लॅट इथे मिळू शकतो. पण हा परिसर महापालिकेत उशिरा आला. अनेक सोसायट्या बोअर आणि टँकरवर राहिल्या आहेत. इथे भाड्यात टँकरचा खर्च मिळवूनच तुलना करा.

बजाजनगर, वाळूज परिसर: वाळूज एमआयडीसीत काम असेल तर पहिला विचार याचाच. हा भाग महापालिका हद्दीबाहेर आहे आणि एमआयडीसीची पाणी व्यवस्था वेगळी आहे. त्यामुळे शहराचं वेळापत्रक इथे लागू होत नाही.

कांचनवाडी, नक्षत्रवाडी: विधी विद्यापीठ किंवा बिडकीनला जाणाऱ्यांना बरं. मुख्य शहर थोडं लांब पडतं.

विकत घेणार असाल तर

शहरात गुंठेवारी वसाहती भरपूर आहेत. मंजूर लेआउट नसताना जमिनीचे छोटे तुकडे पाडून, कित्येकदा नुसत्या बाँडपेपरवर विकलेले हे प्लॉट. राज्यात २००१ पासून गुंठेवारीचा कायदा आहे आणि त्यात बसणारी बांधकामं शुल्क भरून नियमित करता येतात. पण 'नियमित होईल' आणि 'झालंय' यातला फरक कागदावर बघा. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र, एनए आदेश, फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. नवा प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर शोधा. सिडकोच्या घरांत लीजहोल्ड की फ्रीहोल्ड, हे विचारा. जुन्या कागदांवर शहराचं नाव औरंगाबाद दिसेल, त्याने घाबरू नका. गट नंबर आणि नावं जुळतात का, ते महत्त्वाचं.

घर बघायला जाताना विचारायचे प्रश्न

• मागच्या चार वेळा नळाला पाणी कोणत्या तारखांना आलं? हे घरमालकाला नाही, शेजाऱ्यांना किंवा वॉचमनला विचारा.
• पाणी किती वेळ आणि किती वाजता येतं? रात्री दोनला येत असेल, तर मोटार कोण लावतं?
• हौदाचं माप काय, आणि तो किती घरांत वाटला जातो?
• एप्रिल-मे महिन्यात बोअरला पाणी राहतं का?
• मागच्या उन्हाळ्यात महिन्याला किती टँकर लागले? पैसे भाड्यात धरलेत की वेगळे?
• सोसायटीत बॅचलर भाडेकरू चालतात का? खाण्यापिण्याच्या किंवा आडनावाच्या अटी आहेत का? हे फोनवरच विचारलं तर चक्कर वाचते.

भाडेकरार ११ महिन्यांचा असला, तरी महाराष्ट्रात तो लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे आणि कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. टँकरचा खर्च कुणाचा, हे त्याच करारात एका ओळीत लिहून घ्या.

शहरात कायमचं राहायचं ठरलं असेल, तरी पहिलं वर्ष भाड्यानेच काढलेलं बरं. पावसाळ्यात बघितलेल्या घराची खरी परीक्षा मे महिन्यात होते. त्या महिन्यात सोसायटीच्या फाटकातून किती टँकर आत येतात, ते मोजा. घर घ्यायचं की नाही, ते त्यावरून ठरवता येईल.