नाव्ह्याचा वेढा (१८१९) आणि पैनगंगाकाठची गावे : एक दृष्टिक्षेप

हदगाव तालुक्यातील नाव्हा हे लहानसे खेडे. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात त्याचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो. इंग्रजी लष्करी दप्तरांत मात्र ‘नोवा’ या नावाने ते ठळकपणे नोंदले गेले आहे. जानेवारी १८१९ मध्ये येथील किल्ल्यास पडलेला वेढा हे त्याचे कारण होय.

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर हटकर नाइकांचे प्राबल्य होते. डोंगरवाटांची राखण हे त्यांचे परंपरागत काम. १८१८ मध्ये पेशवाई संपली, निजामी मुलखात इंग्रज रेसिडेंटचे वर्चस्व वाढले आणि स्वतंत्र बाण्याच्या या नाइकांना जागा उरली नाही. त्यांतील प्रबळ असे नोवसाजी नाईक यांची मेजर पिटमनच्या फौजेशी प्रथम उमरखेडनजीक गाठ पडली. पुढे त्यांनी नाव्ह्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला. ८ जानेवारीस सुरू झालेला वेढा ३१ जानेवारीच्या निर्णायक हल्ल्याने संपला. आत पाचशे अरबांची शिबंदी होती व तिने निकराचा प्रतिकार केला, असे वऱ्हाडच्या १८७० च्या गॅझेटियरवरून दिसते. तोफखाना बाळगणाऱ्या कवायती फौजेस एका खेड्याने तीन आठवडे थोपवून धरावे, ही बाब सामान्य नव्हे. नोवसाजींना हैदराबादला नेण्यात आले. तेथेच त्यांचा अंत झाला.

त्यांना ‘बंडखोर’ म्हणणाऱ्या नोंदी सावधपणे वाचावयास हव्यात. वेढा घालणारी फौज निजामाची म्हणवली जाई. तिचे अधिकारी मात्र इंग्रज होते, आणि ‘रसेल ब्रिगेड’ हे नावही रेसिडेंट हेन्री रसेल याचेच.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले व पैनगंगा सरहद्द बनली. उमरखेड एका राजवटीत, समोरच्या तीरावरील हदगाव-नाव्हा दुसरीत. परिणामी एकाच लढ्याचा पूर्वार्ध वऱ्हाडच्या इतिहासात, तर उत्तरार्ध निजामी मुलखाच्या इतिहासात जाऊन पडला. १९५६ मध्ये दोन्ही तीर मुंबई राज्यात एकत्र आले. अभ्यासाच्या चौकटी मात्र विदर्भ व मराठवाडा अशा वेगळ्याच राहिल्या.

‘नोवा’ हा रणसन्मान हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणींना मिळाला. त्यांच्या परंपरेतील हैदराबाद रेजिमेंटचे १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट असे नामांतर झाले, आणि नाव्ह्याचे नाव त्या रेजिमेंटच्या स्वातंत्र्यपूर्व रणसन्मानांच्या यादीत गेले.