मोटारीतील चार्जिंग सॉकेट

मोटारीतील चार्जिंग सॉकेट म्हणजे वाहनाच्या बॅटरीतील वीज मोबाइल, हवा भरण्याचा पंप इत्यादी उपकरणांना पुरवणारी जोडणी होय. १२ व्होल्टचे गोल सॉकेट आणि यूएसबी पोर्ट हे तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. अनेक मालमोटारी व बसगाड्यांची विद्युतयंत्रणा २४ व्होल्टची असल्याने तेथे उपकरणावर छापलेली व्होल्टता तपासावी लागते.

रचना

गोल सॉकेटचा उगम सिगारेट पेटवण्याच्या लाइटरमध्ये आहे. खोबणीच्या तळाचे मध्यवर्ती टोक धन, तर भोवतालचे धातूचे कडे ऋण असते. नाणे किंवा पिन आत पडून ही दोन्ही टोके जोडली गेल्यास शॉर्टसर्किट होते. म्हणून वापर नसताना झाकण बंद ठेवतात. यूएसबी हे मानक १९९६ साली आले. त्याच्या साध्या पोर्टमधून ५ व्होल्ट मिळतात. जुन्या पोर्टचा प्रवाह अनेकदा अर्धा अँपिअरच असतो. अशा वेळी नकाशा सुरू असलेला मोबाइल जोडूनही उतरत जातो.

स्थान

सॉकेट बहुधा गिअरच्या दांड्यापुढे, हात टेकण्याच्या खणात, मागील आसनासमोर किंवा डिकीत असते. काही सॉकेटे किल्ली फिरवल्यावरच सुरू होतात, तर काही थेट बॅटरीशी जोडलेली असतात. गाडी बंद करून काही मिनिटांनीही चार्जरचा दिवा जळत राहिल्यास सॉकेट दुसऱ्या प्रकारचे समजावे.

क्षमता

सॉकेटच्या झाकणावर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत कमाल क्षमता दिलेली असते. १२ व्होल्ट व १० अँपिअर असल्यास ती १२० वॅट होते. एका सॉकेटवर अनेक उपकरणे जोडल्यास त्यांच्या वॅटची बेरीज या मर्यादेत असावी लागते. मर्यादा ओलांडल्यास फ्यूज वितळून तारांचे रक्षण करतो. त्याजागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घातल्यास तारा तापून आग लागू शकते.

जुन्नर व आंबेगाव परिसरातील वापर

जुन्नरहून माळशेज घाटाकडे किंवा मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे जाताना डोंगराळ भागात मोबाइलचे जाळे क्षीण होते. जाळे शोधताना मोबाइलची बॅटरी लवकर संपते, त्यामुळे प्रवासी सॉकेटवर अवलंबून राहतात. परंतु इंजिन सुरू करणारी बॅटरीही हीच असते. शिवनेरी किंवा लेण्याद्रीच्या पायथ्याशी गाडी उभी करून दिवसभर गड-लेणी पाहताना ४८ वॅटची शीतपेटी सुरू राहिल्यास ती ताशी सुमारे ४ अँपिअर-तास वीज घेते. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अशाने पाच तासांत निम्म्याहून अधिक रिकामी होते आणि इंजिन सुरू होईलच याची खात्री राहत नाही. केवळ मोबाइल जोडल्यास वापर याहून पुष्कळ कमी असतो. तरीही आडवाटेवर गाडी उभी करताना सर्व उपकरणे काढून ठेवणे इष्ट ठरते.

इतर खबरदारी

चार्ज होणारा मोबाइल उन्हात डॅशबोर्डवर ठेवल्यास अतिशय तापतो. तार गिअर वा पायांतील पेडलांजवळ लोंबू देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार वाहन चालवताना मोबाइल हातात धरून वापरणे धोकादायक वाहनचालनात गणले जाते. म्हणून जोडणी निघण्यापूर्वीच करावी.